कुंभाराच्या मुलीसाठी उपास

आमच्या घरात राक्षस, चेटकिणी आणि जादूगार यांना सक्त मनाई होती. पप्पा धुळ्यातल्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते आणि चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. देवाच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात जादूचा गालिचा कुठून उतरणार? सिनेमाच्या थिएटरवरून जायची वेळ आली की पप्पा सायकलची घंटी जोरजोरात वाजवायला लागायचे, रस्त्यात कुत्रंही आडवं नसलं तरी. त्यांचं लक्ष घंटीत आहे तोवर मागच्या कॅरियरवर बसून मी सगळी पोस्टरं बघून घ्यायचे. गणपतीत गल्लीच्या तोंडाशी पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत, तेव्हा आमच्या खिडक्या लागायच्या. आवाज मात्र खिडक्यांना जुमानत नसे. त्यामुळे कितीतरी सिनेमे मी नुसते ऐकले आहेत. मोठेपणी त्यातले काही पाहिले आणि माझी घोर निराशा झाली. माझे जास्त चांगले होते.

गंमत अशी, की गोष्ट सांगण्यात पप्पांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. रविवारी ते उपदेशाला उभे राहिले की मासा माणसाला गिळायचा तेव्हा पुढच्या सतरंजीवरची पोरं मागे सरकायची. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गाढवी बोलायची तेव्हा ते असा काही आवाज काढत, की पंचमंडळी गंभीर चेहरे करून छताकडे बघायची. मी मुळात वाद घालणारी. एकदा जेवताना विचारलं, "पप्पा, गाढवी बोललेली चालते, मग राजपुत्राचा पोपट बोललेला का चालत नाही?"

"गाढवी शास्त्रातली आहे. पोपट कुणीतरी रचलेला आहे."

"मग रचलेलं सगळं वाईट असतं का?"

"ताटातलं संपव," आई म्हणाली. आमच्या घरातले सगळे धर्मवाद ह्याच वाक्यावर संपत.

पण मनाई असली की वाट फुटतेच. माझी वाट आमच्यापासून चौथ्या घरात होती. तिथे एक मुसलमान बाइंडर राहायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. गावातल्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं आणि वर्षभराचे मासिकांचे अंक त्यांच्याकडे बांधायला यायचे. खळीचा आंबूस वास, दाभण, दोरा, पुठ्ठ्यांची चळत आणि ह्या सगळ्यात मांडी घालून बसलेले चाचा. मी त्यांना अंक महिन्यांप्रमाणे लावून द्यायचे आणि त्या बदल्यात ते मला वाचू द्यायचे. आमच्या घरी त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. विचारलंच तर मी "चाचांना मदत करत होते" म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

मी पाचवीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर मुलांच्या एका मासिकाचा गठ्ठा आला. त्यात एक लांब गोष्ट होती, सहा भागांची. एका कुंभाराची मुलगी गात असे, आणि ती गायला लागली की वाळत घातलेली मडकी तिच्याबरोबर घुमत. एका जादूगाराने तिचा आवाज काढून मडक्यात भरला, मडक्याचं तोंड लिंपलं आणि तिला डोंगरापलीकडच्या सात दारांच्या किल्ल्यात कोंडलं. पाच भाग मी एका दुपारी वाचून काढले. पाचव्याच्या शेवटी ती मुकी मुलगी सातव्या दाराला आतून पाठ लावून उभी आहे, आणि जादूगाराच्या चपला वाजताहेत. मी सहावा अंक शोधायला लागले. गठ्ठा दोनदा उलथापालथा केला. अंक नव्हता.

"वो नंबर तो आयाच नहीं," चाचा म्हणाले. "किसी ने ले जाके वापस नहीं किया होगा. ऐसाच बांधने का है."

असाच बांधायचा! म्हणजे ती मुलगी कायमची दाराला पाठ लावून उभी! चाचांनी माझ्या डोळ्यांदेखत त्या पाच अंकांतून दाभण आरपार घातलं. मला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थना व्हायची आणि शेवटी प्रत्येकाने एक विनंती सांगायची. मुलांनासुद्धा सूट नव्हती. कुणी बदलीसाठी, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी गिरणीतल्या नोकरीसाठी. मुलं परीक्षेसाठी सांगायची, अगदी परीक्षा परवाच होऊन गेली असली तरी. पप्पा सगळं वहीत उतरवून घेत. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मुलगी आहे, तिला दुष्ट माणसाने कोंडून ठेवलंय. ती सुटावी म्हणून."

मी खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या मनात फसवणूक नव्हती. देव सगळीकडे जातो हे मला घरीच शिकवलं होतं. मग त्या किल्ल्यात का जाणार नाही? पण खोलीतल्या माना वर झाल्या. पप्पांची पेन्सिल थांबली.

"कुठली मुलगी?"

"डोंगरापलीकडची."

"सातपुड्यापलीकडची?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची ते मलाही कळलं नाही. पप्पांनी ती होकाराची धरली.

"कुणाची?"

"कुंभाराची."

"तुला कुठे समजलं?"

"चाचांच्या दुकानात," मी म्हणाले. ह्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि तरीही माझे कान तापायला लागले. वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात कोपऱ्यातून अक्का बोलली.

अक्का म्हणजे आमच्या मंडळीतली सत्तरी उलटलेली बाई, दोंडाईच्याकडची, बोलणं सगळं अहिराणी. तरुणपणी ती बायबलबाई होती. खांद्यावर चित्रांची गुंडाळी टाकून खेडोपाडी पायी हिंडायची, झाडाखाली चित्रं पसरून बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायची. आता ती चर्चच्या मागच्या एका खोलीत एकटी राहायची आणि पाळकाला "तू" म्हणणारी मंडळीत ती एकटीच होती.

"पोर कोंडेल शे," अक्का म्हणाली, "अन् आपण बठ्ठा पोटभर जेवतस? ती सुटत नही तवलगुन मी दर शुक्रवारले उपास धरसू. देवले शब्द दिना मी."

झालं. मुलगी सुटेपर्यंत दर शुक्रवारी अक्काचा उपास! बाकीच्यांनी गदगदून "आमेन" म्हटलं आणि मीही म्हटलं.

पुढचे दोन बुधवार त्या मुलीसाठी अशा प्रार्थना झाल्या की काय सांगू. गुडघे आणि बदल्या मागे पडल्या. पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार मंडळीत होते. त्यांनी शहाद्याकडे चौकशी करायचं मनावर घेतलं. चाचांना विचारावं असं कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून मी एक वेगळी खासगी प्रार्थना सुरू केली. आणि अक्का दर शुक्रवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नव्हती. शाळेत जाताना मी तिच्या दारासमोरून मान खाली घालून जायचे. ती मात्र हाक मारायची, "काय माय, काही खबर उनी का त्या पोरनी?" बाईने ओरडावं, मारावं, पण असं प्रेमाने विचारू नये. दोन वेळा ठरवून मी तिच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा घाबरून परत फिरले. खरं सांगितलं तर अक्काला वाटेल मी तिच्या उपासाची थट्टा केली, आणि चाचांचं दुकान मला जन्मभरासाठी बंद होईल. ह्यातलं कोणतं दुःख मोठं होतं ते आज मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी हापशावर पाणी भरताना अक्काला भोवळ आली. आई धावली. तिला धरून आमच्या ओट्यावर बसवलं, लिंबाचं सरबत केलं. अक्काने पेला हाताने दूर सारला. "नको माय. ती पोर अजून सुटनी नही."

पप्पा आतून आले. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्याने बघवेना. मी तिथेच भोकाड पसरलं आणि सगळं सांगून टाकलं. कुंभार, मडकं, सात दारं, हरवलेला अंक, सगळं.

पप्पा कधी हात उगारत नसत. त्या दिवशी त्यांनी मारलं असतं तर बरं, असं मला झालं. ते हळू आवाजात म्हणाले, "तू सगळ्या मंडळीला देवासमोर एका खोट्या मुलीसाठी गुडघ्यावर आणलंस. आजपासून चाचांकडे पाऊल टाकायचं नाही. गोष्टी बंद."

"थांब भाऊ," अक्का म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण चित्रांची गुंडाळी घेऊन हिंडलेल्या बाईचा होता. "माले एक सांग. तो घर सोडीसन गयेल पोऱ्या, डुकरं राखणारा, कंगाल व्हईसन घर परत उना तो. तो कोन्या गावना व्हता?"

अक्काने पप्पांकडे बोट रोखलं.

"त्याना बापनं नाव काय व्हतं? दरसाली तू त्यानी गोट सांगस अन् दरसाली मी रडस. तो खरा व्हता का? प्रभूनी रचेल गोट ती. मंग मनं रडणं वाया गयं का?"

आईने पदर तोंडाला लावला होता. ती रडत नव्हती, हसू दाबत होती, हे मला तेव्हाही कळलं.

"तो प्रभूने दिलेला दाखला होता, अक्का," पप्पा शेवटी म्हणाले. "त्याला अर्थ आहे."

"मंग हिलेबी व्हई," अक्का म्हणाली. "बरं, ते ऱ्हाऊ दे. ती पोर सुटनी का नही, इतलंच सांग."

"अक्का, ती नाहीच आहे. तुमचा उपास संपला."

"कसा संपना? मी देवले शब्द दिना, ती सुटत नही तवलगुन. ती खरी शे का गोटमधली, असं मी कव्हय म्हनं? शब्द तो शब्द. आते मोडाना नही."

पप्पांनी तिला तासभर समजावलं. शास्त्रातले आधार दिले. अक्काने तिच्याकडचे दिले, आणि तिच्याकडे जास्त होते. आईने मला आत नेऊन हळूच सुचवलं, की सुटली म्हणून सांगून टाकावं, म्हातारी जेवेल तरी. पप्पांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "एक खोटं झालं तेवढं पुरे." मग ते बराच वेळ ओट्यावर फेऱ्या मारत राहिले आणि शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कुठल्या महिन्याचा अंक?" त्यांनी विचारलं.

आणि अशा रीतीने, ज्या माणसाने आयुष्यात थिएटरच्या पोस्टरकडे पाहिलं नव्हतं, तो माणूस शनिवारी सायकल घेऊन जादूगाराच्या शोधात निघाला. मला बरोबर घेतलं होतं, कारण अंकाचं मुखपृष्ठ मी ओळखणार होते. पहिलं घर चाचांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पादरी साब, मेरे कू क्या मालूम, नहीं तो मैं उसी दिन ढूंढ के देता!" मग दोन वाचनालयं झाली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या एका दुकानात पोरांच्या घोळक्यात पांढऱ्या सदऱ्यातले पप्पा उभे राहून विचारत होते, "कुंभाराच्या मुलीची गोष्ट असलेला अंक आहे का?" आणि एक पोरगा त्यांना मोठ्या आपुलकीने म्हणाला, "काका, ती लई भारी होती, पण तो अंक फाटला." रद्दीवाल्यांचे ढीग झाले. पप्पांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. अंक मिळाला नाही.

शेवटी चाचांनीच उपाय काढला. त्यांचे मेहुणे जळगावला बाइंडर होते, तिथल्या वाचनालयांची कामं त्यांच्याकडे. चाचांनी एस.टी.च्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली. गुरुवारी संध्याकाळी उलट चिठ्ठी आली: अंक आहे, पण वाचनालयाचा आहे, दुकानाबाहेर देता येणार नाही.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने आम्ही जळगावला निघालो. अक्काचा चौथा उपास सुरू झाला होता. एरंडोल गेल्यावर पप्पा म्हणाले, "तो जादूगार तिचा आवाज कशाला घेतो? त्याला काय करायचंय?" मी म्हणाले, "त्याच्याकडे कुणी बोलायला येत नाही म्हणून." ते "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत राहिले.

जळगावच्या दुकानात मेहुण्यांनी अंक काढून दिला, आम्हाला बसायला पुठ्ठ्यांची चळत दिली, चहा मागवला. पप्पांनी पिशवीतून वही काढली. त्यांची उपदेशाची वही. मी वाचायचं आणि त्यांनी उतरवून घ्यायचं, असं ठरलं. मी वाचायला लागले. पप्पांचा हात भराभर चालत होता, ठळक, सरळ अक्षर, समास सोडून, जसा ते रविवारचा उपदेश लिहीत. म्हातारा कुंभार मडकी विकणारा होऊन किल्ल्यात शिरतो. आत हजार मडकी, सगळी सारखी, सगळ्यांची तोंडं लिंपलेली. कुंभार एकेका मडक्याला टिचकी मारत कान लावतो. हे नाही. हेही नाही. बाहेर जादूगाराच्या चपला वाजतात.

मी वर पाहिलं. पेन्सिल थांबली होती.

"पप्पा, लिहा ना."

"थांब," पप्पा म्हणाले. "आधी वाच. लिहू मग."

मेहुण्यांनीही दोरा खाली ठेवला होता. मी शेवटपर्यंत वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, लिहून घेण्यासाठी. ह्या दुसऱ्या वाचनाचा कंटाळा आला नाही, कुणालाच.

परतीच्या गाडीआधी पप्पांनी बाजारातून हिरवी, काटेरी, भरताची वांगी घेतली. चार वाजता आम्ही धुळ्यात होतो. गाडीत त्यांनी वहीतला मजकूर दोनदा वाचला आणि पेन्सिलीने काही शब्दांखाली रेघा ओढल्या. कुठे आवाज चढवायचा आणि कुठे थांबायचं, त्याच्या त्या खुणा होत्या. मी हे पाहिलं आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

अक्काच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. आईने वांगी भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि ताट झाकून ठेवलं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, डोळे मात्र लख्ख. आधीचे पाच भाग मी सांगितले. सहावा पप्पांनी वाचला. वाचला कसला, उभा केला! जादूगार घोगरा बोलला, किल्ल्याची दारं करकरली, कुंभाराने टिचकी मारली तेव्हा पप्पांनी अक्काच्या पाण्याच्या माठावर खरोखर टिचकी मारली. एक मडकं इतरांपेक्षा वेगळं वाजलं. बापाने ते ओळखलं. दगडावर आपटून फोडलं, आणि सातव्या दाराआड मुलगी गायला लागली. किल्ल्यातली सगळी मडकी घुमली, घुमता घुमता तडकली, हजार माणसांचे हजार आवाज बाहेर पडले आणि आपापल्या गावांकडे निघून गेले. सातही दारं उघडली. बाप आणि लेक हात धरून घरी गेले. मागे दारं पुन्हा लागली आणि रिकाम्या किल्ल्यात जादूगार खापरं गोळा करत बसला. समाप्त.

"सुटली, अक्का," पप्पा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"उपकार, प्रभू!" अक्काने हात जोडले. आईने ताट उघडून तिच्यापुढे सरकवलं. मी श्वास रोखून बघत होते. चार शुक्रवारांचं ओझं माझ्या छातीवर होतं आणि ते आता त्या पहिल्या घासाबरोबर उतरणार होतं. अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला, तोंडाजवळ नेला. आणि पुन्हा ताटात ठेवला.

"अन् तो?"

"कोण?" पप्पांनी विचारलं.

"तो जादूगर. तो तठे एकलाच ऱ्हायना का?"

"अक्का!" आई जवळजवळ किंचाळली. "आता त्याच्यासाठी उपास धरू नका हो!"

"उपास नही व माय, उपास पोरना व्हता," अक्का म्हणाली. "पण कोन्ही तरी त्यानाकरता मांगाले पाहिजे ना. भाऊ, तू मांग. मंग मी जेवस."

मला हसू यायला हवं होतं. पण त्या जादूगाराला मी महिनाभर रोज शिव्या दिल्या होत्या, आणि आत्ता पहिल्यांदाच तो मला दिसला. अंधाऱ्या किल्ल्यात ओणवा बसलेला, मूठभर खापरं जुळवून बघणारा, ज्याच्याशी बोलायला कुणीच नाही असा.

पप्पांनी वही मिटली. डोळे मिटले. एरवी त्यांची प्रार्थना सुरू झाली की आईला चुलीवरच्या भाताची काळजी लागायची, पण त्या दिवशी ती तीन वाक्यांतच संपली. ते अगदी हळू म्हणाले, "प्रभू, तिथे एक माणूस दारं लावून एकटा बसला आहे. आमच्यातल्या कुणाला तिथे पोचता येत नाही. तू जा."

आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि अक्का जेवायला लागली.